कमरेच्या हाडाची फिर्याद

१

पितळी डबी उघडली आणि आत शिक्का नव्हता.

शाईची गादी होती, जांभळी, ताजी ओली केलेली. टेबलावर ठराव होता, त्याखाली नगरसेवकांच्या सह्या होत्या, आणि सह्यांशेजारी गोल शिक्क्यासाठी मुद्दाम सोडलेली जागा होती. ती जागा आता तोंड वासून सगळ्यांकडे बघत होती.

"अनिपा," नगराध्यक्ष एशिमकान म्हणाले, "शिक्का कुठाय?"

"डबीत." कारकून अनिपाने डबीत पाहिलं आणि धपकन खुर्चीत बसली. "मी स्वतः ठेवला होता, बायके. मतदान झालं, गादीवर शाई घातली, डबी लावली आणि तुम्हाला वाढायला गेले."

बायके म्हणजे थोरला भाऊ. अनिपा घाबरली की नगराध्यक्षांना साहेब म्हणायचं विसरून बायके म्हणायची.

खोलीत आणखी तिघं होती. शाळेच्या मुख्याध्यापिका झिपार, गुरंढोरंवाला नगरसेवक कुबात, आणि बुरुल एजे. कुमुश-बेलमध्ये बुरुलला एजे, म्हणजे ताई, न म्हणणारं माणूस एकच, तिचा नवरा. खाण चालू होती तेव्हा घरोघरी भिंतीवर रेडिओचा डबा असायचा आणि सकाळ व्हायची ती बुरुलच्या आवाजाने: "कुमुश-बेल शहर बोलतंय." खाण बंद पडली, डबे मुके झाले, पण त्या आवाजाचा धाक गावातून गेला नाही. म्हणूनच की काय, ज्येष्ठांच्या पंचायतीत सगळ्या पांढऱ्या दाढ्यांच्या मधोमध एक बिनदाढीची बसत होती.

"पोलिसांना कळवू या?" कुबातने विचारलं.

"कळव," बुरुल म्हणाली. "शिक्का हरवल्याची नोंद झाली की शिक्का रद्द. नवा राजधानीतून यायचा, बर्फ पडेस्तोवर. आणि ठराव उद्या दुपारपर्यंत खिंडीपलीकडे प्रांताच्या कचेरीत पोचला नाही, तर आपली काही हरकत नाही असं धरणार आहेत. मग आपण खेडं."

आता हे खेडं प्रकरण. ह्या देशात शहरांची वाटणी मेंढीसारखी होते. मानाची हाडं राजधानीला आणि दक्षिणेतल्या थोरल्या शहराला. मांड्या प्रांताच्या दर्जाच्या शहरांना. तालुक्याच्या दर्जाच्या शहरांना मणके. आणि खेड्यांना रस्सा, तोही उरला तर. कुमुश-बेल मणक्यातलं. पण मणका असला तरी हाड होतं. स्वतःची नगरपालिका होती, आणि नगरपालिकेचं बॉयलरघर होतं, जिथून काँक्रीटच्या पॅनेल जोडून बांधलेल्या सगळ्या इमारतींत हिवाळाभर गरम पाणी फिरायचं. पोरं रशियात कामाला गेली, डोकी कमी भरली, आणि वरून हुकूम आला की हे शहर मोडून खालच्या खोऱ्यातल्या ग्रामपंचायतीला जोडा. त्या ग्रामपंचायतीत सगळ्यांची बैठी घरं, प्रत्येकाची आपली चूल. ती कशाला पाचमजली इमारतींचं बॉयलर पेटवील?

बुरुल चौथ्या मजल्यावर राहत होती. तिच्या नवऱ्याच्या, कालमातच्या छातीत खाणीची धूळ भरलेली होती. घरात कोळशाची चूल पेटली तर ते फुप्फुस किती टिकेल हे डॉक्टरांनी तिला दाराबाहेर नेऊन सांगितलं होतं. तेव्हापासून ह्या ठरावासाठी ती दारोदार फिरली होती.

"आधी माझे खिसे बघा," एशिमकान म्हणाले आणि त्यांनी ते उलटे करून दाखवले. रुमाल, किल्ल्या, टॉफी. "नगराध्यक्ष आहे म्हणून मला सूट नको."

कुबातने, झिपारने, अनिपाने खिसे दाखवले. काही नाही. खालचं दार आतून लावलेलं होतं, बटाट्याच्या ट्रकांची धूळ येते म्हणून. बाकीचे नगरसेवक सकाळीच सह्या ठोकून आपापल्या बटाट्यांकडे पळाले होते. शहराचे नगरसेवक झाले तरी बटाटे थांबत नाहीत. जेवायला सहाच माणसं होती: ही पाच आणि सुयुनबाय अता, म्हणजे आजोबा, पंचायतीचे सर्वांत ज्येष्ठ. ते तर पाटावरून उठलेच नव्हते. जेवणानंतरचा आशीर्वाद त्यांनी दिला, सगळ्यांनी तळहात चेहऱ्यावरून फिरवले, आणि कुबात त्यांना गाडीतून घरी पोचवून आला.

"आता पिशव्या," बुरुल म्हणाली.

मेजवानीत ज्याच्या त्याच्या मानाचं हाड ज्याच्या त्याच्या पुढ्यात येतं, आणि खाऊन उरलेलं पिशवीत घालून घरी न्यायचं असतं. अनिपाने वाटलेल्या पाचही काळ्या पिशव्या पाचजणांच्या हातात होत्या.

"वाट्याला हात नाही लावायचा, एजे," एशिमकान म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "दुसऱ्याचं ताट उपसायचं? लोक काय म्हणतील?"

"हिवाळ्यात गारठले की काय म्हणतील ते आधी बघू. ही माझी घ्या."

तिने आपली पिशवी टेबलावर उघडली. माकडहाड, चरबीच्या शेपटीसकट; म्हाताऱ्या बाईचा मान. अनिपाच्या पिशवीत छातीचा तुकडा, सुनांना देतात तो. झिपारच्या पिशवीत मणके. कुबातच्या पिशवीत खांदा. एशिमकान आपली पिशवी छातीशी धरून उभे होते. बुरुलने ती हातातून काढून घेतली.

आत मांडीचं हाड होतं. गुडघ्याच्या बाजूने त्याचा कपचा उडालेला. कापताना कुबातची सुरी सांध्याऐवजी हाडाला लागली होती, आणि जेवताना एशिमकाननी त्यावरून त्याला भरपूर छळलं होतं, की बाबा रे, हाड फोडणारा जावई कुणी करून घेत नाही.

मांडीचं हाड, थोडं मांस. बस.

एशिमकाननी पिशवीत पाहिलं. मग हात घालून पुन्हा चाचपलं. त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

"झालं समाधान?" ते म्हणाले, पण कुणाकडेच बघत नव्हते.

अपमान लागला माणसाला, असं बुरुलला वाटलं, आणि तिला जरा वाईटही वाटलं. पुढची रात्रभर ती त्याच चेहऱ्यावर अडखळत राहणार होती, हे तिला अजून माहीत नव्हतं.

२

झिपारने प्रश्नाची वाटच पाहिली नाही.

"मी विरोधात मत दिलंय, एजे, सगळ्यांसमोर दिलंय. शहर शहर करून माझे मास्तर चाललेत. खेड्यातल्या मास्तरला भत्ता आहे, घर आहे. इथे त्याला काय आहे? नगरपालिकेचा नळ."

"मत विरोधात आणि जेवण बाजूने."

"मेंढीने काय घोडं मारलंय माझं?"

बुरुलला हसू आलं. "मधेच उठली होतीस."

"लेकाचा फोन आला, मॉस्कोहून. बोळकांडीत उभी राहून बोलले. अनिपा खुंट्यांवर पिशव्या अडकवत होती. ऑफिसात नगराध्यक्ष त्यांच्या फोनवर होते. हो साहेब, बरं साहेब, बघतो साहेब. नमाजात वाकत नाही तेवढा माणूस फोनवर वाकतो. मी परत येऊन बसले." ती थांबली. "खरं सांगू? चोरावा असं मनात आलं होतं. डबी समोर होती आणि दार उघडं होतं. पण मग पोरांना नागरिकशास्त्र कुठल्या तोंडाने शिकवू?"

कुबात अंगणात कढई घासत होता. त्याच्यावर संशय घेणं सगळ्यांत सोपं. त्याच्या गाई शहरातल्या रस्त्यांवर फिरतात म्हणून नगरपालिका त्याच्यावर दर महिन्याला दंड लावायची.

"शहरात गाय फिरली तर दंड, खेड्यात फिरली तर दूध," तो म्हणाला. "मग मी का नाही ठरावाच्या विरोधात गेलो, विचारा."

"का नाही गेलास?"

"आई दुसऱ्या मजल्यावर राहते. गाई काय, कुठेही राहतील." त्याने चरबीने चमकणारे हात पुढे केले. "आणि कापायला, वाढायला मीच होतो, एजे. ह्या हातांनी शिक्का धरला असता तर तो निसटून थेट खिंडीत जाऊन पडला असता. डबीवर एक तरी चरबीचा डाग आहे का बघा."

डबी कोरडी ठणठणीत होती. ते बुरुलने आधीच पाहिलं होतं.

राहिली अनिपा. ती रडून रडून सुजली होती.

"ऑफिसची किल्ली माझ्याकडे, डबी माझ्याकडे. उद्या सगळे माझंच नाव घेणार. एजे, माझं लग्नाआधीचं नाव तुम्हीच रेडिओवर वाचलं होतंत, शाळेत पहिली आले तेव्हा. मी चोर दिसते का?"

"चोर दिसत असता तर पंचायती कशाला लागल्या असत्या? जेवण संपताना काय काय केलंस ते सांग."

"पिशव्या भरल्या. नेहमीसारख्या बसल्या ओळीने खुंट्यांवर अडकवल्या. मग चहाची किटली आणायला खाली गेले."

"म्हणजे बोळकांडीत कुणी नव्हतं."

"मी वर येईपर्यंत कुणी नव्हतं."

संधी सगळ्यांना होती. कारण दोघांना होतं आणि ती दोघं आपली कारणं ओरडून सांगत होती. जे ओरडत नाही त्याचा माग कसा काढायचा?

बुरुल घरी निघाली. वाटेत बॉयलरघराच्या धुराड्यातून धूर येत होता. तिथल्या पोरांनी आज चाचणी घ्यायची ठरवली होती. चौथ्या मजल्यावर कालमात रेडिएटरवर तळहात टेकून बसला होता, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा.

"आलं," तो म्हणाला. "कोमट आलंय."

"शिक्का गेलाय."

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग श्वास गोळा करत म्हणाला, "खेडं झालो तर बरंच की. चौथ्या मजल्यावर गाय बांधू. तुला सरपंच करू."

"गप्प बस. खोकला येईल."

आलाच. तो थांबेपर्यंत ती त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली, आणि तेवढ्या वेळात तिने ठरवलं की शिक्का मिळो न मिळो, उद्या तो ठराव ती खिंडीपलीकडे नेणार. लागलाच तर स्वतःच्या अंगठ्याचा ठसा उमटवून.

पण एशिमकानचा पांढरा चेहरा काही डोळ्यांपुढून हलेना.

३

सकाळी दारावर थाप पडली. सुयुनबाय अतांची सून उभी होती, एप्रनला हात पुसत.

"एजे, लगेच चला. अता कालपासून जेवले नाहीत. म्हणतात, पंचायतीत फिर्याद लावायची आहे."

"कुणावर?"

"ते बोलत नाहीत. नुसती पिशवी दाखवतात."

सुयुनबाय अता पहिल्या मजल्यावर राहायचे. आज ते आपला उंच पांढरा, दाबलेल्या लोकरीचा टोप घालून, घरात असूनही काठी रोवून बसले होते. समोर काळी पिशवी.

"बस," ते म्हणाले. "काल मी किती वर्षांनी नगरपालिकेचे जिने चढलो?"

"बऱ्याच, अता."

"मला वरच्या पाटावर बसवलंत. एशिमकानला एक पाट खाली सरकवलंत. माझ्या पुढ्यात कमरेचं हाड आलं. खरं ना?"

"खरं. मीच पाहिलं."

"मग हे काय आहे?"

त्यांनी पिशवी उलटी केली. ताटात मांडीचं हाड पडलं.

"दात नाहीत म्हणून मी हाडाला तोंड लावलं नाही, घरी नेऊन सुनेकडून मऊ करून घेईन म्हटलं. काल गॅलरीच्या दाराशी गारठ्यात अडकवून ठेवलं. संध्याकाळी काढलं तर हे. उभ्या आयुष्यात कुणी माझा दर्जा उतरवला नाही, बुरुल. खाणीच्या साहेबाने नाही, पक्षाने नाही. हे शहर उतरवायला निघालेत ते निघालेत, आता मलाही एक हाड खाली उतरवणार?"

बुरुलला हसू फुटणार होतं. खोलीभर म्हातारा भडकलेला, सून ओठ चावून उभी, मधे ताटात हाड. मग तिची नजर हाडाच्या टोकावर गेली आणि हसू जागच्या जागी विरलं.

गुडघ्याच्या बाजूने कपचा उडालेला होता.

मेंढीला मांड्या दोन. दुसरी मांडी उरलेल्या मेंढीसोबत बॉयलरघरातल्या पोरांकडे गेली होती. पण कपचा उडालेली मांडी एकच. आणि ती तिने काल दुपारी स्वतःच्या हाताने एशिमकानच्या पिशवीतून बाहेर काढली होती, चार माणसांदेखत. त्याच्या आधीच अता आपली पिशवी घेऊन घरी पोचले होते.

"अता, काल तुमच्याकडे कोण कोण आलं?"

"सगळं गाव. झिपार रक्तदाब विचारायला आली. कुबात माझी काठी द्यायला आला, गाडीत राहिली होती. आणि एशिमकान आला. सहज आलो म्हणाला. नगराध्यक्ष झाल्यापासून पहिल्यांदा उंबरा ओलांडला त्याने. चहा घेतला, जरा वारा खातो म्हणून गॅलरीच्या दाराशी उभा राहिला." म्हातारा थांबला. त्याचे डोळे अधू होते, डोकं नव्हतं. "बुरुल, नगराध्यक्षाला माझं हाड कशाला हवं?"

"हाड नको होतं त्यांना, अता."

ती उठली. बारीक पावलांनी काल दुपार तिच्या मनात पुन्हा सुरू झाली होती: पाट, फोन, खुंट्या.

"फिर्याद घेतली मी. लगेच ऐकायची. चला, तुम्हालाही पुन्हा जिने चढायचे आहेत."

४

हाडाची फिर्याद म्हटल्यावर यायला कुणी नाही म्हणू शकत नाही. शिक्क्याच्या चौकशीला माणूस आजारी पडेल, पण म्हाताऱ्याचा मान गेला म्हटल्यावर आजारीही उठून येतो. नगरपालिकेच्या कालच्या जेवणाच्या खोलीत, त्याच पाटांवर बुरुलने सगळ्यांना कालच्यासारखंच बसवलं. वर सुयुनबाय अता, त्यांच्याखाली एशिमकान, मग स्वतः, मग झिपार, कुबात, अनिपा.

"अनिपा, काल पहिल्या खुंटीवर कुणाची पिशवी होती?"

"अतांची. ते वर बसले होते ना."

"आणि एरवी, अता येत नाहीत तेव्हा?"

"नगराध्यक्षांची. नेहमी त्यांचीच."

बुरुलने मांडीचं हाड ताटात घालून मधे ठेवलं.

"हे काल दुपारी कुणाच्या पिशवीत निघालं?"

सगळ्यांनी कपचा पाहिला. कुबात लाजून मान खाली घालत होता, ती त्याने वर केली आणि एशिमकानकडे बघितलं.

"नगराध्यक्षांच्या," तो म्हणाला.

"आणि आज अतांच्या पिशवीत. म्हणजे अनिपाची भरताना चूक झाली नाही. काल दुपारी सगळं बरोबर होतं. पिशव्या बदलल्या त्या नंतर, अतांच्या गॅलरीच्या दाराशी. आता आपलं मांडीचं हाड देऊन दुसऱ्याचं कमरेचं हाड कोण नेईल? ह्या वयात मानासाठी? नाही. त्या पिशवीत आणखी काहीतरी होतं, आणि दाराशी उभं राहून ते शोधत बसायला वेळ नव्हता."

"एजे," एशिमकान म्हणाले, "तुम्ही काय बोलताय ते—"

"बोलू द्या तिला," अता म्हणाले.

"फोन आला तेव्हा तुम्ही ऑफिसात गेलात. डबी समोर, नुसती लावलेली, आत शिक्का. खिशात ठेवता येत नव्हता, कारण बोंब तुम्हीच मारणार होता आणि खिसेही पहिल्यांदा तुम्हीच दाखवणार होता. बोळकांडीत पिशव्या टांगलेल्या. दुसऱ्याचा वाटा कुणी उपसत नाही. म्हणून तुम्ही शिक्का आपल्या पिशवीत टाकलात. म्हणजे, पहिल्या खुंटीवरच्या. इतकी वर्षं पहिली खुंटी तुमची होती, एशिमकान. अता आले आणि तुम्ही एक पाट खाली सरकलात, हे तुमच्या पायांनी लक्षात ठेवलं, हातांनी नाही. मी पिशवी उघडली तेव्हा निर्दोष माणसाला राग यायला हवा होता, चोराला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तुम्ही मात्र पिशवी चाचपत बसलात. काहीतरी हरवलेल्या माणसासारखे."

बाहेर बटाट्याचा ट्रक गेला. खिडकीची काच थरथरली.

एशिमकाननी टोप दोन्ही हातांनी काढला, मांडीवर ठेवला. टोपाखालचा माणूस एकदम लहान दिसू लागला.

"काय करणार होतो मी?" ते म्हणाले. "प्रांताचे साहेब फोनवर म्हणाले, ठराव आला तर ह्या हिवाळ्याचा कोळसा विसरा. गपगुमान राहिलात तर कोळसा पाठवतो. एक हिवाळा तरी ऊब राहील ना घरात? तुमच्या कालमातलाही राहील, एजे. मी काय माझ्यासाठी केलं?"

"आणि पुढच्या हिवाळ्यात?"

एशिमकाननी टोप मांडीवरच उलटा केला.

"एका हिवाळ्याच्या कोळशावर तुम्ही बाकीचे सगळे हिवाळे देऊन टाकलेत," बुरुल म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण रेडिओवरचा झाला होता, आणि अनिपा नकळत ताठ बसली. "कालमातचं नाव घेऊ नका. तो गारठून मेला तरी चालेल मला, पण कुणाच्या मेहेरबानीच्या कोळशावर नको. कोळसा आपल्या हक्काचा आहे. नाही पाठवला तर मी त्यांच्या कचेरीसमोर कालमातला खुर्चीत बसवीन, शेजारी चौथ्या मजल्यावरची सगळी म्हातारी माणसं बसवीन, आणि खोकायला सांगीन. त्यांना ऐकू दे शहर कसं खोकतं ते."

"मी येईन," कुबात म्हणाला. "गाई पण आणतो."

 झिपार एशिमकानकडे वळली.

"साहेब, मी ह्या ठरावाच्या विरोधात आहे. आजही आहे. पण मी हरले ती हात वर करून हरले. तुम्ही तर माझं हरणंसुद्धा चोरलंत."

सगळ्यांनी वरच्या पाटाकडे पाहिलं. निवाडा सुयुनबाय अतांचा होता.

"माझं हाड आण," अता म्हणाले.

एशिमकान उठले, ऑफिसात गेले. तिजोरी उघडल्याचा आवाज आला. ते काळी पिशवी घेऊन परतले आणि दोन्ही हातांनी ती अतांपुढे ठेवली. कमरेचं हाड अख्खं होतं, त्याला कुणी तोंड लावलं नव्हतं. हाडाच्या खोलगट भागात, गोठलेल्या चरबीत रुतून, गोल शिक्का बसला होता.

"घरी ठेवायचं धाडस झालं नाही," एशिमकान पुटपुटले. "बायकोने शिजवायला काढलं असतं."

अतांनी हाड उचललं, निरखलं आणि सुनेच्या हाती द्यायला बाजूला ठेवलं. मग शिक्का बोटांच्या चिमटीत धरून बुरुलला दिला.

"पंचायतीचा निवाडा," ते म्हणाले. "ज्याने हा लपवला त्यानेच तो ठराव नेऊन द्यायचा. स्वतः. साहेबाच्या टेबलावर. आणि टोप घालून जा, एशिमकान. तू शहराचा नगराध्यक्ष आहेस."

"मी शेजारी बसते," झिपार म्हणाली. "वाटेत कुठे चुकून खाली पडायला नको."

बुरुलने शिक्का ओढणीला पुसला, गादीवर टेकवला आणि कागदावर दाबला. जांभळं वर्तुळ उमटलं, आणि त्याच्याभोवती चरबीचं दुसरं, फिकट, पारदर्शक.

"डाग पडला," अनिपा घाबरून म्हणाली. "विचारतील, हे काय आहे."

"सांगावं," बुरुल म्हणाली. "मेंढीत आमचाही वाटा आहे."

५

गाडी धूळ उडवत खिंडीकडे निघून गेली. कुबात अतांना खाली घेऊन गेला. अनिपाने डबी बंद केली, मग उघडून पाहिली, मग पुन्हा बंद केली. बुरुल नगराध्यक्षांच्या खोलीत खिडकीशी उभी राहिली. इथून बॉयलरघराचं धुराडं दिसायचं. आज धूर नव्हता. पोरं कोळसा जपत होती.

टेबलावरचा फोन वाजला.

अनिपा दारात थबकली. "प्रांतातून असेल. ते साहेबच असतील. उचलू नका, एजे. नगराध्यक्ष नाहीत म्हणून वाजू दे."

"का वाजू दे?"

बुरुलने रिसीव्हर उचलला. पलीकडून एक घाईचा, सवयीने वर बोलणारा आवाज आला.

"हॅलो, कुमुश-बेल गाव का? एशिमकानला द्या."

बुरुलने खुर्ची ओढली आणि बसली. घसा साफ केला, जसा ती रोज सकाळी करायची, लाल दिवा लागायच्या आधी.

"कुमुश-बेल शहर बोलतंय," ती म्हणाली. "नगराध्यक्ष तुमच्याकडेच निघालेत. सांगा, काय काम होतं?"